शंभर गाड्या, एक फेरी

मी एक जुनी एकचाकी ढकलगाडी आहे. पत्ता विचाराल तर पागेच्या मागची भिंत, आणि अवस्था विचाराल तर पालथी. आम्हा ढकलगाड्यांना काम संपलं की पालथं घालतात, कारण उताणं ठेवलं तर पोटात पाणी साचतं आणि डास त्यात संसार थाटतात. तेव्हा मित्रांनो, ही हकीकत मी जमिनीकडे तोंड करून सांगते आहे. आवाज थोडा दबका येईल, समजून घ्या.

मी जन्मतः गाडी नव्हते. आधी मी तेलाचं पिंप होते. एका वेल्डरने मला उभं चिरलं. एका अर्ध्याला त्याने पाण्याच्या नळाचे दोन दांडे जोडले, एका मोडक्या स्कूटरचं चाक लावलं, आणि मी झाले. दुसऱ्या अर्ध्याची झाली घोड्यांना पाणी पाजायची डोण. म्हणजे आम्ही एकाच पिंपाच्या दोन लेकी. तिच्या वाट्याला घोड्यांची तोंडं आली, माझ्या वाट्याला दुसरं टोक. नशिबाबद्दल मी कधी तक्रार केली नाही. केली असती तरी ऐकायला कोण होतं?

"पन्नास वर्षं हलायची नाही," असं वेल्डरने मला पोचवताना मालकांना छातीठोकपणे सांगितलं. पहिले दोन दिवस मी खरोखरच हलले नाही, कारण त्याने चाक उलटं बसवलं होतं.

तिसऱ्या दिवसापासून मात्र कामाला लागले. पागेत आठ घोडे. आठ घोडे म्हणजे सोळा डोळे, बत्तीस नाला आणि लीद किती ते विचारू नका. सकाळी ठाणांतली ओली गवतकाडी आणि लीद फावड्याने माझ्यात भरायची, अंगण ओलांडायचं, मागच्या खड्ड्यात रिकामी करायची, की पुन्हा पहिलं ठाण. त्या खड्ड्यातलं खत माळी लोक घेऊन जात. त्यांच्या बागेतल्या गुलाबांचं लोक तोंड भरून कौतुक करत. गुलाबांनी माझं नाव कधी घेतलं नाही. असो.

आता मालकांविषयी. माणूस वाईट नव्हता, फक्त 'फुकट' हा शब्द ऐकला की त्यांना शिंका यायच्या. घोड्यावर बसायची त्यांची फी ऐकून पुष्कळ लोक फाटकातूनच परत फिरत. अशांसाठी मालकांनी एक तोड काढली होती. पैसे नसतील तर काम करा. आठ गाड्या लीद काढा आणि अर्धा तास रिंगणात घोडा घ्या. आणि ज्याच्या शंभर गाड्या भरतील, त्याला मोठी फेरी. फाटकाबाहेर पडायचं, कालव्याच्या काठाने पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. दोरीशिवाय.

"गाडी म्हणजे काठोकाठ भरलेली गाडी," मालक बजावून सांगत आणि माझ्या काठावर चापट मारत.

म्हणजे बघा, मी नुसती गाडी राहिले नाही. मी माप झाले. कुठल्या तरी कचेरीतला एक कारकून तीन दिवस आला होता. तो माझ्या तळाशी सुकं गवत कोंबायचा आणि वरून लीद रचायचा, फळवाला टोपलीत वरती चांगली फळं मांडतो तशी. चौथ्या दिवशी आमच्या मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची राखण आणि खरारा करणाऱ्या मामांनी, त्याच्या समोरच माझ्यात हात घातला. कारकून त्यानंतर दिसला नाही.

आणि मग एका सकाळी कंडक्टरबाई आल्या.

वय साठीला टेकलेलं, अंगात जुना खाकी कोट, उजवा गुडघा कुरकुरणारा. पुढे आमची जोडी जमली तेव्हा माझं चाक आणि त्यांचा गुडघा एकाच सुरात वाजायचे. लांबून ऐकणाऱ्याला वाटायचं, दोन गाड्या येताहेत. शहराच्या बसमध्ये एकोणतीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांची लेक त्यांना स्कूटरवरून फाटकाशी सोडायची, आणि सोडण्याआधी रोज भांडायची.

"आई, निवृत्त झाल्यावर लोक विणकाम करतात."

"मी एकोणतीस वर्षं उभी होते. आता मला बसायचंय."

"मग खुर्चीवर बस ना!"

"खुर्ची कुठे जाते?" बाई विचारायच्या. लेक स्कूटर वळवून निघून जायची.

गोष्ट अशी होती. त्यांची बस रोज सकाळी सात दहाला कालव्याच्या पुलावरून जायची. खाली काठाने, धुक्यातून, आमचे घोडे चाललेले असायचे. बसच्या खिडकीतून ते चार सेकंद दिसत. तेवढ्यात पूल संपायचा आणि कोणीतरी सुट्टे मागायचं. एकोणतीस वर्षं, रोज चार सेकंद. बाईंना त्या धुक्यात एकदा स्वतः जायचं होतं, आणि खालून वर बघायचं होतं. एवढंच. पण फी त्यांच्या पेन्शनला झेपणारी नव्हती, म्हणून त्यांनी फावडं उचललं.

भरलेल्या गाड्यांची मोजदाद कशी ठेवायची, असा प्रश्न आला तेव्हा बाईंनी कोटाच्या खिशातून तिकिटाला भोक पाडायचा आपला जुना चिमटा काढला. एक जाड पुठ्ठा कापला आणि दाणापाण्याच्या खोलीच्या दारावर खिळ्याला अडकवला. गाडी रिकामी झाली की पुठ्ठ्याला एक भोक. टक्. माझ्या आयुष्यात माझ्या कामाची पोच मला पहिल्यांदा मिळाली ती त्या आवाजाने. एरवी लीद टाकून आल्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही.

मला ढकलताना त्या पुटपुटायच्या, "चला, पुढे चला, पुढे जागा आहे." मला वाटायचं, ह्या मलाच म्हणताहेत. नंतर कळलं, त्या गुडघ्याला म्हणायच्या.

त्यांच्या वाट्याला आलेली घोडी म्हणजे आत्या. खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण कोणीही ठाणात शिरलं की ती कान मागे पाडून, ओठ मुडपून, "हे काय घातलंयस अंगात?" अशा नजरेने बघायची, म्हणून सगळे तिला आत्याच म्हणत. पहिल्या दिवशी तिने बाईंकडेही तसंच पाहिलं.

"सुट्टे नाहीत वाटतं," बाई शांतपणे म्हणाल्या आणि कामाला लागल्या. आत्याचा एक कान पुढे आला. मामा म्हणाले, "बाई, सहा वर्षांत हिचा हा कान मी पुढे आलेला पाहिला नव्हता."

पहिल्या आठ गाड्या झाल्या. रिंगणात मामांनी दोरी धरली, बाई आत्यावर चढल्या आणि रिकिबीत पाय रोवून उभ्याच राहिल्या.

"बाई, बसा की," मामा म्हणाले.

"सवय नाही हो," बाई म्हणाल्या. अर्ध्या तासातली दहा मिनिटं त्या उभ्याच होत्या. मग बसल्या, आणि इतक्या हळू आवाजात हसल्या की मी रिंगणाच्या कुंपणाशी होते म्हणून मला ऐकू आलं.

आठवडे गेले. पुठ्ठ्याची चाळण झाली. नव्वद भोकं, ब्याण्णव, शहाण्णव. आणि इथे मित्रांनो, घोटाळा झाला.

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी ठरलं. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यानंतर निदान सहा महिने घोड्याचं नाव काढायचं नाही, आणि पुढचं पुढे बघू. डॉक्टर 'पुढचं पुढे बघू' म्हणाले की शहाणा माणूस काय समजायचं ते समजतो. इकडे आत्याला बाविसावं लागलं होतं. हा हंगाम संपला की तिच्या पाठीवर खोगीर चढवायचं नाही, हे मालकांनी आधीच ठरवलं होतं. म्हणजे मोठी फेरी व्हायची तर येत्या रविवारी. नाहीतर बहुधा कधीच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पुठ्ठ्यावर भोकं शहाण्णव. चार गाड्या म्हणजे एरवी एका सकाळचं काम. पण त्याच दिवशी मालक सहा घोडे घेऊन परगावी शर्यतींना गेले होते. पागेत उरले दोनच, आत्या आणि एक लंगडा तट्टू. शनिवारी बाईंनी दोन्ही ठाणं खरवडून काढली. कोपऱ्यातली काडीसुद्धा सोडली नाही. दोन गाड्या भरल्या. टक्, टक्. अठ्ठ्याण्णव. आणि लीद संपली.

बाई माझ्या काठाला टेकून उभ्या राहिल्या. मामा तंबाखू मळत म्हणाले, "मारा की अजून दोन भोकं आणि मोकळ्या व्हा. कोण बघतंय?"

"मामा! एकोणतीस वर्षं मी फुकटे प्रवासी पकडले. आता स्वतःच बिनतिकीट जाऊ?"

"लिदेचंसुद्धा तिकीट?"

"तिकीट ते तिकीट."

मामांनी हात जोडले आणि जेवायला गेले. बाई तिथेच उभ्या. मग त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या रिकामी गव्हाण चाटत होती. बाई म्हणाल्या, "भुकेली दिसतेस गं." आत्या भुकेली नव्हती. आत्या बावीस वर्षं गव्हाण चाटत होती, तो तिचा छंद होता. पण माणसाला जे बघायचं असतं ते दिसतं.

बाईंनी दाणापाण्याच्या खोलीतून भरडा आणला. घोड्याला भरडा द्यायचा तर आधी चांगला भिजवतात आणि मग मापाने देतात. बाईंनी बादली भरून आणली, कोरडीच. मग आणखी एक. आत्याने दोन्ही फस्त केल्या, कारण खाण्याच्या बाबतीत तिने कधी कोणाचा अपमान केला नव्हता.

बघा हं, गंमत आहे. एक भोक खोटं मारायला बाईंचा हात धजला नाही. पण जास्त खाल्लं की जास्त लीद, जास्त लीद की गाडी भरली, आणि गाडी तर खरीच भरलेली, हा हिशेब त्यांना अगदी सरळ वाटला. तिकीट खरं राहावं म्हणून त्यांनी बसच बिघडवली. आणि मी तिथेच होते, ठाणाच्या दाराशी. मला बोलता आलं असतं तर मी त्यांना थांबवलं असतं, असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगते, नसतं थांबवलं. मलाही ती फेरी व्हायला हवी होती.

रविवारी सकाळी बाई साडेसहाला आल्या. कोट झाडून घातलेला, केस घट्ट बांधलेले. मला ढकलत आत्याच्या ठाणाशी आणलं आणि फावडं हातात घेऊन थबकल्या.

ठाण स्वच्छ होतं. रात्रभरात लिदेचा एक गोळासुद्धा नाही.

आत्या कान पाडून उभी होती, पण हे नेहमीचं कान पाडणं नव्हतं. ती मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत होती आणि पुढच्या खुराने जमीन उकरत होती. बाईंनी मामांना हाक मारली. मामांनी ठाणात पाहिलं, आत्याच्या पोटाला कान लावला, आणि त्यांच्या हातातली तंबाखू खाली पडली.

"पोटशूळ," ते म्हणाले. "आतडं अडलंय. डॉक्टरांना बोलवा. लीद झाली नाही तर..." घोड्याला ओकता येत नाही मित्रांनो. जे गेलं ते एकाच वाटेने बाहेर येऊ शकतं, आणि ती वाट बंद झाली की घोडा जातो.

घोड्यांचे डॉक्टर आले. त्यांनी नाकातून नळी घालून तेल दिलं, इंजेक्शन दिलं. त्याच सुमाराला मालकही बाकीचे घोडे घेऊन परतले. त्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत.

"काय खाल्लं हिने?"

"रोजचंच," मामा म्हणाले.

"रोजचं नाही," बाई म्हणाल्या. "काल दुपारी मी दोन बादल्या भरडा जास्त घातला. कोरडा."

"का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग दारावरच्या पुठ्ठ्याकडे. "दोन गाड्या कमी पडत होत्या."

मालकांना कळायला वेळ लागला. कळत गेलं तसतसा त्यांचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे लीद वाढावी म्हणून?"

"हो."

मालकांनी खिळ्यावरचा पुठ्ठा काढला आणि खिशात घातला. "बाई, तुम्ही घरी जा."

"भांडणं मागाहून," डॉक्टर म्हणाले. "हिला चालवा. बसू देऊ नका, लोळू देऊ नका. हळूहळू चालवत राहा, कोणीही, पण आत्ता."

मालकांनी दोरी धरली. आत्या जागची हलेना. मामांनी ओढली. मामांची कंबर कटकन वाजली, आत्या मात्र तशीच. तेव्हा बाईंनी काही न विचारता मामांच्या हातातून दोरी घेतली. "चला," त्या म्हणाल्या. "पुढे चला. पुढे जागा आहे."

आत्याने एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

उद्या ज्या गुडघ्याचं ऑपरेशन, तो गुडघा घेऊन बाई अंगणात फेऱ्या मारत राहिल्या. मी मोजत होते, कारण मोजायची मला सवय लागली होती. एकतिसाव्या फेरीला बाई उघड लंगडू लागल्या. मालक म्हणाले, "मी घेतो." बाईंनी दोरी सोडली नाही. चाळिसाव्या फेरीला आत्या फाटकाशी थांबली आणि तिने कालव्याच्या दिशेने नाक केलं.

"जाऊ दे तिला, सवयीची वाट आहे, मोकळी होईल," डॉक्टर म्हणाले. दोघी फाटकाबाहेर पडल्या. मागून मामा एक स्टूल घेऊन निघाले, न जाणो बाई कोसळल्या तर.

पुढचं मी पाहिलं नाही. मामा नंतर तट्टूला खरारा करताना सांगत होते, ते ऐकलं. दोघी कालव्याच्या काठाने पुलापर्यंत गेल्या. पुलाखाली थांबल्या. वरून बस गेली. बाईंनी मान वर केली नाही. त्या आत्याच्या पोटाला कान लावून उभ्या होत्या.

दुपारी त्या परत आल्या. दोघींच्या चालीत काडीचा फरक नव्हता. अंगणाच्या मधोमध आत्या थांबली. पाय थोडे फाकले. शेपटी वर गेली.

मित्रांनो, त्या क्षणी अंगणात एक पागामालक, एक डॉक्टर, एक मोतद्दार आणि एक निवृत्त कंडक्टर, एवढी चार शहाणी माणसं श्वास रोखून एका घोडीच्या शेपटीखाली बघत होती. डोणीने पाण्याची एक लाट हलू दिली नाही. आणि मग झाली. फार नाही, चार गोळे, सुके, काळपट. पण डॉक्टरांनी टोपी हवेत उडवली. मामा मटकन स्टुलावर बसले. बाईंनी आत्याच्या मानेत तोंड खुपसलं, आणि त्यांचे खांदे हलत राहिले.

मालकांनी स्वतः फावडं घेतलं. त्यांच्या हातात फावडं मी अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी ते चार गोळे उचलून माझ्यात ठेवले. टाकले नाहीत, ठेवले. मग खिशातला पुठ्ठा काढून बाईंपुढे धरला.

"मारा भोक. दोन मारा. चूक माझीही आहे. लिदेला भाव मी दिला."

बाईंनी डोळे पुसले. "नाही मालक. या लिदेवर माझा हक्क नाही."

पुठ्ठा पुन्हा खिळ्यावर गेला. भोकं अठ्ठ्याण्णवच. दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात गेल्या.

त्यानंतर मालकांनी नियम बदलला. गाड्या मोजणं बंद. आता कामाचे तास मोजायचे. निर्णय शहाणपणाचा होता, यात वाद नाही. पण माझं मापपण गेलं. माप नाही म्हटल्यावर जुन्या गाडीचा हट्ट कशाला? एक नवी आली. दोन चाकांची, हिरव्या प्लॅस्टिकची, माझ्या दुप्पट पोटाची, आणि चाकांचा आवाज म्हणून नाही. मला मागच्या भिंतीशी पालथं घातलं. पाऊस आला, गेला. माझ्या तळाला गंजाचं एक भोक पडलं. त्याला चिमट्याची गरज लागली नाही. पोटाखाली एका पालीने बिऱ्हाड केलं. भाडेकरू शांत होती.

एकदा मालक मला बुटाने ठोकून म्हणाले, "हिच्यात माती भरून फुलझाडं लावू." मला घाम फुटला. आयुष्यभर गुलाबांचं खाणं वाहिलं, आता त्यांनी माझ्यातच जेवायला बसायचं! पण मालकांच्या बऱ्याच बेतांसारखा तोही बेत राहून गेला.

सात महिने झाले. थंडीचे दिवस आले. आणि एके दिवशी पहाटे साडेपाचलाच फाटकाशी स्कूटर थांबली. भांडण ऐकू आलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

"आई, फक्त बघून यायचं, बरं का. फक्त बघून."

"हो गं."

बाईंच्या हातात काठी होती. अंगात तोच कोट. आत्या आता कुरणात मोकळी असायची. तिने मान वर केली आणि कान मागे पाडले. मग एक पुढे आणला. मामांच्या कमरेला आता पट्टा होता.

"आत्याचे डॉक्टर काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"रोज थोडं चालायचं, चढउतार टाळायचा आणि जास्त खायचं नाही. हलकं माणूस पाठीवर घेऊन सावकाश फेरी मारली तर चांगलंच, म्हणतात."

"माझ्या डॉक्टरांनी अगदी हेच सांगितलंय," बाई म्हणाल्या. "फक्त पाठीवर कोणाला घ्यायचं नाही."

मालक आले. बाईंकडे आणि मग खिळ्याकडे बघून म्हणाले, "बाई, घेऊन जा तिला. फेरी तुमचीच आहे."

"अजून दोन गाड्या बाकी आहेत." बाईंनी फावडं मागितलं. मामांनी हिरवी गाडी आणली. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही केवढी! हिच्यात जुन्या दोन बसतील. आपलं ठरलं तेव्हाची गाडी कुठाय?"

मित्रांनो, सात महिन्यांनी मी आकाश पाहिलं.

पालीने बिऱ्हाड हलवलं. मामांनी माझ्या तळाच्या भोकावर पत्र्याचा तुकडा ठोकला. चाकात तेल घातलं, तरी ते ओरडलंच. बाईंचा गुडघा मात्र आता आवाज करत नव्हता. मला जरा एकटं वाटलं.

लेक पुढे झाली. "दे, मी ढकलते."

"नको. दुसऱ्याच्या तिकिटावर मी जात नाही."

"आई, अगं पूर्ण गाडी तुला झेपणार नाही!"

बाईंनी क्षणभर विचार केला. मग मला निम्मीच भरली, काठी माझ्यावर आडवी ठेवली आणि दांडे धरले. "पूर्ण झेपत नाही ना? मग हाफ तिकीट."

हाफ तिकिटं चार झाली. दर दोन खेपांना एक भोक. टक्. आणि बऱ्याच वेळाने, टक्. शंभर.

मालकांनी खोगीर स्वतः कसलं. बाई चौथऱ्यावरून आत्यावर चढल्या, आणि या वेळी लगेच बसल्या. फाटक उघडलं. मामा चार पावलं मागे राहून निघाले, स्टूल न घेता. काठावर धुकं होतं. घोडी आणि बाई त्यात शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी फाटकाशीच होते. माझ्या शेजारी लेक दोन्ही हातांनी फाटकाची सळई धरून उभी होती. टापा ऐकू आल्या, मग त्याही येईनाशा झाल्या.

मग पुलाकडून हॉर्न आला. एकदा नाही, तीनदा.

"सात दहाची. ओळखलं त्यांनी आईला," लेक म्हणाली. आणि रडायला लागली. मला माणसं अजून नीट कळत नाहीत.

त्या परत आल्या. मी बसमध्ये कधी बसलेली नाही, पण खिडकीची जागा मिळालेलं माणूस असंच दिसत असावं. बाई खाली उतरल्या, आत्याला डोणीवर नेलं, पाणी पाजलं. पाणी पिऊन आत्याने निवांतपणे शेपटी वर केली आणि अंगणाच्या मधोमध ढीग घातला. चांगला, मऊ, तब्येतीचा.

"चल आता घरी," लेक म्हणाली.

बाईंनी पिशवीतून एक नवा कोरा पुठ्ठा काढून खिळ्याला अडकवला.

"बाई, आता तासांवर आहे, गाड्यांवर नाही," मालक म्हणाले.

"तुमचं घड्याळ तुम्ही बघा. माझं माप हे," बाई म्हणाल्या, आणि माझ्या काठावर चापट मारली.

तर मित्रांनो, सध्या मी अशी आहे. आठवड्यातून दोन सकाळी उताणी, बाकीचे दिवस पालथी. पुठ्ठ्यावर एकोणीस भोकं झाली आहेत, बहुतेक हाफ तिकिटांची. माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. ज्याच्या पाठीवर बसायचं असेल, त्याच्या पोटात आपली घाई घालू नका. आणि घरात, अंगणात, कुठे कोपऱ्यात माझ्यासारखं कोणी पालथं पडलेलं असेल, तर फुलझाडं लावायच्या आधी एकदा सरळ करून बघा. चाकाला तेल घाला. ते ओरडेल. ओरडू द्या. बऱ्याच दिवसांनी बोलतंय ते.